माकडहाडावरच्या सायनसचं ऑपरेशन: बेळगावातल्या या दवाखान्याचा माझा अनुभव

पाचपैकी चार तारे.

मी खानापूर-बेळगाव लाइनवर वडापची गाडी चालवतो. माकडहाडाजवळ, दोन कुल्ल्यांच्या मधल्या फटीत गळू यायचं, फुटायचं, चड्डीला डाग पडायचे, मग चार दिवस बरं, की पुन्हा तेच. स्टँडवरच्या सगळ्या दोस्तांनी मूळव्याध ठरवून टाकली होती. मेडिकलवाल्यानं मलमही मूळव्याधीचंच दिलं.

इथल्या सर्जननी पालथं झोपवून माझ्याच मोबाइलवर फोटो काढला आणि मलाच दाखवला. बरोबर मधल्या रेषेत सुईच्या टोकाएवढी भोकं, आणि एकातून केसांचा पुंजका डोकावतोय! म्हणाले, "मूळव्याध नाही, भगंदरही नाही. भगंदराची वाट गुदद्वाराकडं जाते, ही वर कमरेकडं चालली आहे. याला पायलोनायडल सायनस म्हणतात. नाकाचा सायनस नव्हे, ही कातडीखालची पोकळ वाट." गळून पडलेले केस घामानं त्या फटीत साठतात, बसून-घासून कातडीत घुसतात, शरीर त्यांना परकं समजतं आणि पू होतो. जास्त करून वयात आल्यापासून चाळिशीपर्यंतच्या, अंगावर दाट केस असलेल्या पुरुषांना होतो, बायकांनाही होतो. न्हाव्यांना तर गिऱ्हाइकाचे केस घुसून बोटांच्या बेचक्यात होतो म्हणे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेतले जवळजवळ 80,000 जवान यानं दवाखान्यात पडले होते, आणि 1944 साली तिथल्या एका डॉक्टरनं याला 'जीपचा आजार' असंच नाव दिलं. हे ऐकून मी स्टँडवर जरा ताठ मानेनं सांगायला लागलो. पण नुसत्या बसण्यानं होत नाही, केस आणि खोल फट हेच मूळ, हेही डॉक्टरांनी बजावलं.

मला आवडलं ते हे, की लेझरच्या जाहिराती बघून गेलो होतो तरी त्यांनी लेझर गळ्यात मारलं नाही. लहान, साध्या सायनसला ते ठीक, तुमच्या फांद्या फुटल्यात, म्हणाले. कापून जखम उघडी ठेवली तर भरायला आठवडेच्या आठवडे जातात, रोज ड्रेसिंग. मधोमध सरळ टाके घातले तर लवकर भरते, पण त्याच फटीत टाके, म्हणून परत होण्याचा धोका जास्त. म्हणून लिंबर्ग फ्लॅप: पतंगाच्या आकाराचा तुकडा काढायचा आणि बाजूची कातडी चरबीसकट फिरवून तिथं बसवायची. फट उथळ होते, बरेचसे टाके मधल्या रेषेच्या बाहेर जातात. कागदावर पेनानं काढून दाखवलं, तो कागद अजून गाडीच्या डॅशबोर्डात आहे.

पाठीत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं, दुखलं नाही. नंतर नळी लावलेली होती, तिचाच त्रास जास्त. रात्रपाळीची सिस्टर नावगा गावची, "अण्णा, कुशीवर वळा की ओ" म्हणत दर थोड्या वेळानं यायची. टाके निघेपर्यंत बसायचं नाही, आणि पुढंही काही आठवडे गाडी चालवायची नाही.

एक तारा का कापला? संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. सिस्टरनं मराठीत वाचून सांगितला म्हणून सही केली, नाहीतर बायको अडून बसली होती. बेळगावात दवाखाना चालवता, निम्मे पेशंट आमच्या भागातले, मग मराठीत एक पान छापायला काय जातं? शिवाय बिलात काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचे पैसे वेगळे लागले. तपासणी गरजेचीच, पण आधी सांगायला हवं होतं.

पुढचं काम आपलं: तिथले केस वाढू द्यायचे नाहीत, नाहीतर फ्लॅप करूनही परत होऊ शकतं. माझे केस बायको ट्रिमरनं काढते, कुरकुरत का होईना.

घरी येताना मागच्या सीटवर झोपता येईल अशी गाडी आणा, आणि चालवायला दुसरा कुणीतरी. पार्किंग नाही, गाडी लांब लावावी लागते.