सिलिकॉनची पट्टी: व्रणावर चालते, गोव्याच्या घामात टिकवावी लागते

व्रण, म्हणजे जखम भरल्यावर उरलेली खूण, फुगला तर त्यावर चिकटवायची ही पट्टी चांगली आहे. पण पाकिटावरच्या मजकुरावर विसंबून घेतलीत तर निम्मे पैसे पाण्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं डिचोलीत ब्लाउज शिवायचं दुकान. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर ओल्या रस्त्यात स्कूटर घसरली, गळ्याखालचं उजवं हाड मोडलं आणि आत प्लेट बसवावी लागली. हाड व्यवस्थित जुळलं. वरची चीर मात्र टाके काढल्यावर काही आठवड्यांनी लाल व्हायला लागली, मग फुगली, आणि खाज अशी की गिऱ्हाइकाचं माप घेतानाही हात तिथेच जायचा. डॉक्टरांनी ही पट्टी लिहून दिली. मी दोन प्रकार वापरले: एक पारदर्शक आणि मऊ, दुसरी कातडीच्या रंगाची, पाठीला कापड लावलेली. कंपन्यांची नावं लिहीत नाही. तक्रारी दोघींच्याही आहेत आणि बहुतेक सारख्याच आहेत.

औषधाच्या दुकानात सांगितलं, "ताई, यातलं औषध हळूहळू आत मुरतं." तसं काही नाही. पट्टीत औषधच नसतं. सिलिकॉन आत जात नाही, वर बसून राहतं.

मग काम कसं करतं? माझी भाची गोवा विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजी शिकते. चवथीला घरी आली तेव्हा नेवऱ्या भरता भरता मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, "मावशी, तुझ्या व्रणातल्या पेशींना दोन गोष्टी कळतात. वरून पाणी उडतंय हे कळतं आणि बाजूने ओढ बसतेय हेही कळतं. दोन्हींचा अर्थ त्या एकच लावतात, जखम अजून भरली नाही."

पाण्याचं सोपं आहे. नव्या व्रणाची वरची कातडी पाणी धरून ठेवत नाही. ती कोरडी पडली की वरच्या थरातल्या पेशी रसायनं सोडून खालच्यांना कामाला लावतात. खालच्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट, कोलॅजन (व्रण ज्या तंतूंनी भरतो ते प्रथिन) तयार करणाऱ्या. पट्टीने पाणी अडलं की वरून येणारी ही हाकाटी कमी होते.

ओढीचं प्रकरण मला जास्त पटलं, कारण माझा धंदाच ओढीचा. कापडाला उभा धागा, आडवा धागा आणि उरेब असतो. शिवण कुठल्या दिशेने गेली त्यावर ती सपाट बसणार की ओढ घेणार ते ठरतं. कातडीचंही तसंच निघालं. कार्ल लँगर नावाच्या ऑस्ट्रियन शरीरशास्त्रज्ञाने 1861 मध्ये मृतदेहांच्या कातडीत गोल टोच्याने भोकं पाडली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली, आणि ठरावीक रेषांत. त्या रेषांच्या दिशेने दिलेली चीर कमी ताणली जाते. माझ्या बहिणीचं थायरॉइडचं ऑपरेशन गळ्याच्या आडव्या वळीत झालं, आज शोधलं तरी व्रण सापडत नाही. माझं हाड जिथे मोडलं तिथे चीर देण्यावाचून सर्जनला गत्यंतर नव्हतं, आणि खांदा व छातीचा पुढचा भाग व्रण फुगण्यासाठी बदनामच आहे. त्यात मी दिवसभर त्याच हाताने मोठी कात्री चालवणार आणि मशीनखाली कापड सरकवणार.

तर ओढ बसली की आत काय होतं? फायब्रोब्लास्टना ओढ आणि टीजीएफ-बीटा नावाचं रसायन, दोन्ही मिळालं की त्यांचं मायोफायब्रोब्लास्ट होतं. या पेशी 1971 मध्ये गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी ओळखल्या. त्यांच्यात स्नायूंसारखे आकुंचन पावणारे तंतू असतात आणि जखमेच्या कडा ओढून जवळ आणायचं काम त्या करतात. काम झालं की त्यांनी मरून जायचं असतं. ओढ चालूच राहिली तर त्या मरत नाहीत, कोलॅजन घालत बसतात. 2007 मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांच्या भरत आलेल्या जखमा मुद्दाम ताणून धरल्या, तर त्यांना माणसासारखे जाड व्रण आले. एरवी उंदराला असे व्रण येत नाहीत.

आणि खरी गंमत पुढे आहे. ते टीजीएफ-बीटा पेशींच्या आजूबाजूच्या जाळ्यात आधीच बांधून ठेवलेलं असतं, निष्क्रिय. पेशी ते बोचकं ओढते. जाळं मऊ असेल तर तेही ओढीबरोबर येतं आणि बोचकं बंदच राहतं. जाळं कडक असेल तर ते जागचं हलत नाही, ओढ गाठीवर येते आणि रसायन सुटतं. म्हणजे व्रण जितका कडक तितकं रसायन जास्त, आणि रसायन जास्त म्हणून व्रण आणखी कडक. भाचीने हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातली नेवरी फुटली, ती तिलाच खायला लावली.

म्हणून मी पारदर्शक पट्टी सोडून कापडाच्या पाठीची घेतली. पारदर्शक दिसायला छान आणि ब्लाउजच्या गळ्यातून कळत नाही, पण हात उचलला की ती कातडीबरोबर ताणते. कापडवाली ताणत नाही, बरीचशी ओढ स्वतःवर घेते.

आता तक्रारी. पाकिटावर लिहिलंय, दिवसाचे निदान बारा तास लावा, जमल्यास त्याहून जास्त, आणि असं दोन-तीन महिने. ज्याने लिहिलं तो ऑक्टोबरात डिचोलीत राहिलेला नसावा. दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला की पट्टीखाली घाम साचतो, कड सुटते, आणि सुटलेल्या कडेला दुकानातलं सगळं चिकटतं. एका संध्याकाळी काढून पाहिली तर चारी बाजूंनी लाल-हिरव्या धाग्यांची तुसं आणि अस्तराचा कोंडा. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायची, न पुसता वाळवायची, मग तिच्याच प्लास्टिकवर परत लावून ठेवायची. धुतल्यावर चिकटपणा बऱ्यापैकी परत येतो, पण दर धुण्याला थोडा कमी. खाली पावडर किंवा तेल लावलंत तर ती चिकटणारच नाही. घामोळं आलं तर एक-दोन दिवस मोकळं ठेवा. जखम पूर्ण मिटल्याशिवाय तर मुळीच लावू नका.

कंपनीने चौकोनी पट्टी का द्यावी हे मला कळलेलं नाही. कोपरे आधी सुटतात. कात्रीने गोल करून घ्या, व्रणाच्या सगळ्या बाजूंनी अर्धा बोट जागा सोडा. कडेवर साधा कागदी टेप लावा. तो स्वस्त आहे आणि ओढही थोडी अडवतो.

फरक पडला का? पडला. खाज आधी गेली, मग लाली उतरली, आता बोट फिरवलं तर उंचवटा जेमतेम लागतो. श्रेय पट्टीचं किती, टेपचं किती आणि मी कटिंग मुलीकडे सोपवलं त्याचं किती, हे वाटून सांगता येणार नाही. व्रण वर्षभरात आपणहूनही निवळतात. ऑस्ट्रेलियात भाजलेल्यांवर हे सिलिकॉन 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरतात, तरी त्याच्यावरचे अभ्यास फार भक्कम नाहीत, हेही भाचीनेच सांगितलं. आणि पूर्ण भरलेला व्रणसुद्धा मूळ कातडीच्या साधारण 80 टक्केच ताकद धरतो, त्यामुळे पट्टी काढल्यावर लगेच कळशी उचलायला धावू नका.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कोपऱ्यांचा कापला, एक किमतीचा; एवढ्याशा तुकड्याला हजाराच्या वर पैसे म्हणजे अति झालं. आमच्याकडे सगळ्या दुकानांत मिळत नाही, म्हापसा किंवा फोंड्याला आधी फोन करून विचारा. बहुतेक ठिकाणी पट्टी मागितली की सिलिकॉन जेलची ट्यूब पुढे करतात. चेहऱ्यावर, जिथे पट्टी लावून हिंडता येत नाही, तिथे ट्यूब ठीक. खांदा, गुडघा, छाती असेल तर ट्यूब परत करा आणि कापडाच्या पाठीची पट्टीच मागा.