जीआरपीसी, ग्राफक्यूएल, रेस्ट: काही महिने एकत्र वापरल्यानंतर

प्रोग्रॅमनी एकमेकांकडे माहिती मागायच्या या तीन पद्धती, आणि आमच्या प्रॉडक्टमध्ये सध्या ही तिन्ही नांदतात. आतल्या सर्व्हिसेस एकमेकींशी जीआरपीसीने बोलतात, मोबाइल अ‍ॅपपुढे ग्राफक्यूएल आहे आणि बाहेरच्या कंपन्यांसाठी रेस्ट. वेगाचे तक्ते सगळीकडे मिळतात, ते इथे देत नाही. वेग बघून आमचा एकही निर्णय फिरला नाही. कॉल करणारा कोण आणि त्याचा कोड बदलणं आपल्या हातात आहे का, एवढ्यावरच बहुतेक गोष्टी ठरल्या.

जीआरपीसीबद्दल जास्त लिहितो, कारण सुख आणि डोकेदुखी दोन्ही तिथेच जास्त. गूगलने ते २०१५ मध्ये खुलं केलं. प्रोटो फाइल (कोणते कॉल आणि कोणती माहिती, याचं वर्णन) लिहिली की गो आणि जावा दोन्हीकडचा क्लायंट, म्हणजे कॉल करणारा कोड, तयार मिळतो. त्याची सवय लागली की हाताने जेसन (मजकुराच्या रूपात पाठवलेली माहिती) उलगडत बसणं नको वाटतं. वायरवर, म्हणजे प्रत्यक्ष पाठवलेल्या माहितीत, फील्डचं (माहितीच्या एका रकान्याचं) नाव जात नाही, नंबर जातो. त्यामुळे नाव बदललं तरी जुने क्लायंट चालतात, पण काढून टाकलेल्या फील्डचा नंबर चुकूनही दुसऱ्याला द्यायचा नाही, 'रिझर्व्ह्ड' करून टाकायचा. १ ते १५ नंबरांच्या टॅगला (ज्यात तो नंबर जातो त्या खुणेला) एकच बाइट लागतो, म्हणून रोज लागणारी फील्ड्स तिथे बसवा.

आता डोकेदुखी. जीआरपीसी एचटीटीपी/२ वर चालतं. त्याचं एक कनेक्शन उघडलं की ते तासन् तास तसंच राहतं आणि सगळे कॉल त्यातूनच जातात. साधा लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये काम वाटणारा) कनेक्शन जोडतानाच काय ते वाटप करतो. परिणाम असा, की ताण वाढला म्हणून आम्ही नवे सर्व्हर उभे केले आणि ते रिकामे बसले. जुने मात्र घामाघूम. शेवटी क्लायंटमध्ये राउंड रॉबिन (पाळीपाळीने प्रत्येक सर्व्हरला कॉल) लावलं आणि सर्व्हरवर कनेक्शनचं कमाल वय ठरवून दिलं. एन्व्हॉयसारखा प्रॉक्सी मध्ये ठेवला तरी प्रत्येक विनंतीचं वेगळं वाटप होतं, फक्त सांभाळायला एक गोष्ट वाढते.

डेडलाइन (उत्तरासाठी थांबायची मुदत) आपण दिली नाही तर कॉल वाट बघतच राहतो. आमच्या रिव्ह्यूमध्ये आता डेडलाइन नसलेला कॉल मंजूर होत नाही. येणाऱ्या मेसेजला सहसा ४ एमबीची मर्यादा असते. ती वाढवता येते, पण मोठा रिपोर्ट तुकड्यातुकड्याने स्ट्रीम करणंच बरं. ब्राउझरमधून थेट कॉल जात नाही, जीआरपीसी-वेब (त्याचं ब्राउझरसाठीचं रूप) आणि मध्ये ते समजणारं काहीतरी लागतं. आणि रात्री काही अडलं की कर्ल (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारं टूल) मारून जेसन बघण्याची मजा गेली, त्यासाठी वेगळं टूल हाताशी ठेवावं लागतं.

ग्राफक्यूएल फेसबुकमध्ये २०१२ पासून होतं, खुलं झालं २०१५ मध्ये. अ‍ॅपची टीम जाम खूश आहे: स्क्रीनला हवं तेवढंच मागतात, आमच्यामागे नव्या एंडपॉइंटचा (माहिती मागायच्या पत्त्याचा) तगादा नाही. तो तगादा आता डेटाबेसकडे वळलाय. यादीतल्या प्रत्येक ओळीमागे एक क्वेरी सुटायची. डेटालोडर या लायब्ररीने त्या एकत्र केल्या तेव्हा कुठे ताणाचा आलेख खाली आला. रिझॉल्व्हर (फील्डची माहिती आणणारा कोड) कोसळला तरी स्टेटस कोड २०० (सगळं ठीक) येऊ शकतो, म्हणजे फक्त ५०० (सर्व्हरची चूक) मोजणारं मॉनिटरिंग शांत झोपलेलं असतं. उत्तरातला एरर्सचा भाग वेगळा मोजा. क्वेरीची खोली (एकात एक किती पातळ्या) आणि खर्च यांना मर्यादा घातल्याशिवाय हे परक्या क्लायंटच्या हाती देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

रेस्ट कंटाळवाणं आहे, आणि बाहेरच्यांसाठी मला तेच हवं असतं. ईटॅग (माहितीच्या आवृत्तीची खूण) लावला की न बदललेल्या माहितीला ३०४ ('बदल नाही') जातो, कॅशेचं अर्धं काम फुकटात. करार, म्हणजे काय मागता येईल आणि काय मिळेल याचं वर्णन, मात्र आपोआप मिळत नाही. ते लिहिलेली ओपनएपीआयची फाइल बिल्डमध्ये तपासली नाही तर कागद एक सांगतो आणि सर्व्हर दुसरंच. पोस्ट (नवी नोंद करायची विनंती) पुन्हा पाठवला गेला तर नोंद दोनदा होऊ नये म्हणून आयडेम्पोटन्सी की (त्या विनंतीची वेगळी खूण) घ्या. ६४ बिटांचे आयडी जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणूनच द्या, कारण ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरची खात्री नसते.

सोप (एसओएपी) ही एक्सएमएलवर चालणारी जुनी पद्धतही आहे एका कोपऱ्यात, एका जुन्या भागीदारासाठी. आज कोणी नव्याने निवडेल असं वाटत नाही, पण त्यांची डब्ल्यूएसडीएल फाइल (सर्व्हिसचं वर्णन) काटेकोर आहे आणि समोरची टीम ती बदलणार नाही. म्हणून मध्ये एक छोटा अ‍ॅडॉप्टर ठेवलाय आणि बाकीच्या कोडला एक्सएमएलचा वासही लागू दिलेला नाही.