सेल्सफोर्स: पेज पटकन होतं, परमिशन डोकं खाते

चारेक वर्षं सेल्सफोर्सवर (कंपन्या ग्राहक आणि विक्रीच्या नोंदी ठेवायला वापरतात ते ऑनलाइन सॉफ्टवेअर) काम करतोय, आधी नुसता डेव्हलपर होतो, आता क्लायंट छोटा असला की अ‍ॅडमिनगिरीपण माझ्याच गळ्यात पडते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितोय.

पेज बनवण्याबद्दल फारशी तक्रार नाही. लाइटनिंग अ‍ॅप बिल्डरमध्ये कंपोनंट (पेजचे तयार तुकडे) ओढून टाकायचे, सेव्ह, अ‍ॅक्टिव्हेट, झालं. त्यापुढचं काही हवं असेल तर २०१९ पासून लाइटनिंग वेब कंपोनंट आहेत, साधं जावास्क्रिप्ट येत असेल तर जमून जातं. जुन्या ऑर्गमध्ये (ऑर्ग म्हणजे एका कंपनीचं सेल्सफोर्स) पेज बनवायची जुनी पद्धत, व्हिज्युअलफोर्स, अजून ठाण मांडून बसलंय आणि त्याची ती १७० केबीची व्ह्यू स्टेट (पेज स्वतःजवळ धरून ठेवतं तो डेटा) मर्यादा, म्हणजे फॉर्ममध्ये लांबलचक टेबल कोंबलंत की पेज झोपलंच समजा. तरी कोटेशनची पीडीएफ काढायला मी आजही तेच वापरतो, एका अ‍ॅट्रिब्यूटमध्ये काम होतं, उगाच नावं का ठेवा.

आता परमिशन. युजरला प्रोफाइल, म्हणजे त्याच्या मूळ परवानग्यांचा साचा, एकच, परमिशन सेट, म्हणजे जादा परवानग्यांचे गठ्ठे, मात्र त्यावर कितीतरी चढवता येतात, आणि ते फक्त देतात, काढून घेत नाहीत. हे एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते!! नवीन माणूस प्रोफाइलमध्येच सगळं टिक करून ठेवतो आणि मग एकाचा डिलीट काढायचा म्हटलं की परमिशन सेटमध्ये शोधत बसतो, तिथे काही मिळत नाही. प्रोफाइल हडकुळं ठेवा, बाकी सगळं परमिशन सेट आणि त्यांच्या ग्रुपमधून द्या. ग्रुपमध्ये एखादी परमिशन म्यूट (बंद) करायची सोय आहे पण ती त्या ग्रुपपुरतीच, दुसरीकडून मिळालेली परमिशन तशीच राहते. आणि हे झालं ऑब्जेक्ट (टेबल) आणि फील्डचं (त्यातला रकाना), कुठला रेकॉर्ड (एकेक नोंद) कोणाला दिसणार त्याचं खातं वेगळं, ऑर्ग-वाइड डिफॉल्ट (सगळ्यांसाठीचा मूळ नियम), रोल हायरार्की (वरच्याला खालच्याचं दिसणं), शेअरिंग रूल (वरून दिलेली सूट). घट्ट बंद करून सुरुवात करायची आणि मग हळूहळू उघडत जायचं, उलटं केलंत की मेलात.

माझी फजिती सांगतो. चाकणच्या एका क्लायंटसाठी पेज केलं, कस्टम कंट्रोलर (पेजला डेटा पुरवणारा कोड) लिहिला, खरेदी किमतीचं फील्ड सेल्सच्या पोरांपासून फील्ड लेव्हल सिक्युरिटीने (कुठलं फील्ड कोणाला दिसावं याची सेटिंग) लपवलेलं होतं, मी निवांत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सेल्स मॅनेजरांचा फोन, "अहो सर, मार्जिन आमच्या पोरांना दिसतंय, हे मुद्दाम केलंय का?" चूक शंभर टक्के माझी. एपेक्स (सेल्सफोर्सची कोडची भाषा) साधारणपणे सिस्टिम मोडमध्ये चालतं, म्हणजे युजरच्या परमिशन बघत नाही, मी क्लासला 'विथ शेअरिंग' लावलं आणि समजलो झालं सगळं, पण ते फक्त रेकॉर्डचं बघतं, फील्डचं नाही, आणि मी ती किंमत पेजवर साध्या टेक्स्टसारखी छापली होती. क्वेरीला (डेटा मागवणारी ओळ) 'विथ युजर मोड' लावलं असतं तर सेल्सच्या पोरांना किंमत न दिसता पेजवर सरळ एरर आली असती. टेस्टिंग अर्थात मी अ‍ॅडमिन म्हणून केलं होतं, अ‍ॅडमिनला काय, सगळंच दिसतं 🤦

तेव्हापासून पेज झालं की सेटअपमधून सेल्सच्या युजर म्हणून लॉगिन करून बघतो, आणि ही सोय खरंच भारी आहे. सेटअप ऑडिट ट्रेलपण (सेटिंगमधल्या बदलांची नोंदवही), कोणी काय बदललं ते सहा महिन्यांपर्यंतचं निघतं, "मी हात पण लावला नाही" वाले दोन मिनिटांत गप्प.

घ्यावं का? पाच-सहा माणसांच्या दुकानाला नको, पैसे दरमहा माणशी मोजावे लागतात आणि वर सांभाळायला कोणीतरी लागतोच. चाळीस-पन्नास युजर, तीन-चार डिपार्टमेंट, आणि कोणाला काय दिसावं यावरून भांडणं असतील तर घ्या. शिकायचंच असेल तर डेव्हलपर एडिशन फुकट मिळते, त्यात एक डमी युजर करा, त्याला कमीत कमी परमिशन द्या आणि स्वतःचं पेज त्याच्या लॉगिनने उघडून बघा.