ओपनमीडियाव्हॉल्ट आणि सेकंडहँड मिनी पीसी, वर्षभर वापरल्यानंतर: सगळं चालतं, फक्त 'ऱ' सोडून

ओपनमीडियाव्हॉल्ट म्हणजे साध्या पीसीला नेटवर्कवरचं फायलींचं कपाट बनवणारी सिस्टीम. बेसिक स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, ते लिहीत बसत नाही. आमचं दुकान डीटीपी आणि फ्लेक्सचं, लग्नपत्रिका मुख्य. मशीनं म्हणाल तर भाच्याचं मॅकबुक, एक जुना आयमॅक, बायकोचा विंडोज ११ प्रो लॅपटॉप ज्यावर बिलं निघतात, फ्लेक्सच्या मशीनला जोडलेला विंडोज ७ चा डबा, आणि स्टिकर कटिंग प्लॉटरला चिकटलेला एक्सपी, ज्याला हात लावायची कोणाचीच हिंमत नाही. या सगळ्यांना एकाच हार्डडिस्कवरून फायली मिळाल्या पाहिजेत, बस एवढीच अपेक्षा.

आधी ते काम राउटर करत होता. मागच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावायची, पासवर्ड वगैरे काही नाही, गेस्ट म्हणून शिरायचं. हळू होतं पण फुकट होतं. मग बायकोचा नवीन लॅपटॉप आला, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवाला, आणि पहिल्याच दिवशी मेसेज, की तुमच्या ऑर्गनायझेशनची सिक्युरिटी पॉलिसी अनऑथेंटिकेटेड गेस्ट ॲक्सेस ब्लॉक करते. आमची ऑर्गनायझेशन म्हणजे मी, बायको आणि भाचा, आणि तिघांपैकी कोणीही अशी पॉलिसी केलेली नाही!

राउटरवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन लावला (कंपनीचं नाव घेत नाही). आधी म्हणे रिसेट करा, मग म्हणे विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी१ (नेटवर्कवरून फायली वाटायच्या एसएमबी पद्धतीची जुनी आवृत्ती) चालू करा. अहो, राउटर एसएमबी२ वरच बोलतोय, अडलंय गेस्टवर, एसएमबी१ चा इथे संबंध काय? राउटरला युझरनेम-पासवर्ड ठेवायची सोय आहे का विचारलं तर उत्तर आलं वॉरंटी संपली आहे. तेही फोन सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर सांगितलं.

ग्रुप पॉलिसीत जाऊन इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन चालू आणि साइनिंगची सक्ती बंद, असा जुगाड आहे आणि तो चालतो. काही आठवडे तसंच ढकललं. पण बिलांच्या लॅपटॉपवर दार उघडं ठेवून झोपायचं मनाला पटेना. तयार नॅसचा डबा (नेटवर्कवर फायली ठेवायचं यंत्र) बघितला तर डिस्क न घालताच वीस हजाराच्या पुढे, म्हटलं राहू दे. साडेसहा हजारात ऑफिसातून निघालेला मिनी पीसी, डिस्क घरचीच, वर ओपनमीडियाव्हॉल्ट टाकलं. आतून ते डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आणि सांबाच (लिनक्सवरून एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर) आहे, फक्त ब्राउझरमधून क्लिक करून सेटिंग करता येतं.

सुरुवातीला मी विंडोजला जाम शिव्या घालत होतो, चालणारी गोष्ट बंद केली म्हणून. आता मत बदललंय. २४एच२ पासून प्रो व्हर्जनमध्ये एसएमबीला सही, म्हणजे साइनिंग (डेटा वाटेत कोणी बदललेला नाही याची खूण), सक्तीची आहे. त्या सहीची किल्ली पासवर्डवरून तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, म्हणजे सही नाही, म्हणजे प्रवेश नाही, इतकं सरळ आहे. आणि विचार केला तर आमच्या दुकानाचा वायफाय पासवर्ड निम्म्या गिऱ्हाइकांकडे आहे, त्यातल्या कोणीही सगळ्या पत्रिका पुसल्या असत्या तर कळलंही नसतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीवाल्या व्हायरसने एसएमबी१ मधल्या भोकातूनच जगभरची मशीनं लॉक केली होती, आणि पॅच दोन महिने आधीच येऊन पडला होता. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ पासून नवीन इन्स्टॉलवर एसएमबी१ येणं बंद झालं, सांबानेही ४.११ पासून कमीत कमी एसएमबी२ धरलंय. एक्सपीला एसएमबी१ शिवाय काही येत नाही, म्हणून त्याला नेटवर्कच्या बाहेरच ठेवलाय, प्लॉटरला पेनड्राइव्ह. लोक म्हणतात फक्त एका मशीनसाठी चालू कर की. नाही करणार.

बाकी जोडणीबद्दल एकच सांगणं, एक्सप्लोररमधल्या 'नेटवर्क' वर क्लिक करून मशीन दिसतंय का याची वाट बघत बसू नका. पूर्वी ती यादी बनवायचं काम एसएमबी१ च्या जोडीने चालायचं, आता विंडोज वेगळी पद्धत वापरतं आणि मॅक वेगळी, त्यामुळे यादीत दिसणं आणि प्रत्यक्ष जोडलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राउटरमध्ये मिनी पीसीला आयपी फिक्स करा, विंडोजवर दोन उलट्या रेघा आणि आयपी, मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के आणि तोच पत्ता, विषय संपला. एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या युझरने जाल तर विंडोज १२१९ नंबरचा एरर देतं, तेव्हा क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनं नाव उडवा. आणि उलट बाजूने विंडोजचाच फोल्डर शेअर केला असेल तर तिथे पिन चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, जो कोणालाच आठवत नसतो.

स्पीडची तक्रार नाही, गिगाबिट वायरवर सेकंदाला शंभर एमबीच्या वर जातं. सांबाचं रिसायकल बिन चालू करून ठेवा, नेटवर्कवरून डिलीट केलेलं थेट उडत नाही, एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. भाच्याने दिवाळी अंकाच्या जाहिरातींचा अख्खा फोल्डर उडवला होता, तो तिथून काढला, तेव्हाच साडेसहा हजार वसूल झाले. मॅक प्रत्येक फोल्डरमध्ये डीएस-स्टोअर नावाच्या लपलेल्या सेटिंग-फायलींची पिलावळ टाकतो, ती बंद करायची कमांड आहे, आणि सर्व्हरवर फ्रूट नावाचं मॉड्यूल लावलं की अंडरस्कोरवाल्या जोड-फायलीही थांबतात. हे सगळं ठीक.

आता 'ऱ'.

आयमॅकच्या बाहेरच्या डिस्कवर पाच-सात वर्षांचा माल होता. यूएसबीवरून काढण्यापेक्षा तो थेट मॅकच्या टर्मिनलमधून आर-सिंकने (फायली कॉपी करायची कमांड) सर्व्हरवर ओढला. विंडोजवर सगळं व्यवस्थित उघडायचं, त्यामुळे महिनोन् महिने कोणाला कळलंच नाही. लग्नसराई सुरू झाली आणि भाचा म्हणाला, "मामा, कऱ्हाडचा फोल्डर दिसतोय पण उघडत नाहीये." गेलो तर खरंच. वाई उघडतंय, कोरेगाव उघडतंय, फलटण उघडतंय, कऱ्हाड नाही. परमिशन बघितल्या, मालक बघितला, रीस्टार्ट मारला. 'शेतकऱ्यांचा मेळावा' दिसतो आणि लगेच गायब होतो. 'कोऱ्या पत्रिका' तेच. 'वऱ्हाडी मंडळी' तेच. भाच्याने वैतागून मॅकवरून नवीन 'कऱ्हाड' फोल्डर बनवला, तर विंडोजवर शेजारी शेजारी दोन कऱ्हाड, अक्षर न् अक्षर सारखं!

शेवटी सर्व्हरवर नावांचे बाइट काढून बघितले. एका कऱ्हाडमधला ऱ तीन बाइटचा, दुसऱ्यातला सहा. युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे, आणि तेच अक्षर 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं, दोन्ही अधिकृतपणे एकच मानतात. १९९८ पासूनची मॅकची जुनी फाइल सिस्टीम नावं साठवताना तुकडे पाडूनच साठवायची. आर-सिंकने ते तुकडे जसेच्या तसे लिनक्सवर आणून ठेवले. लिनक्सला काय, बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं. विंडोज सर्व्हरने दिलेलं नाव जसंच्या तसं परत मागतं, म्हणून त्याचं भागतं. मॅक मात्र नेटवर्कवर नाव मागताना तुकडे जोडून मागतो, आणि जोडलेल्या नावाची फाइल सर्व्हरवर नसतेच. ज्याने तुकडे पाडले तोच आता ओळख दाखवत नाही!

आणि कमाल ही की रोजच्या मराठीत हा त्रास फक्त या एका अक्षराला आहे. ळ ला नाही, ज्ञ ला नाही, ॲ ला नाही. युनिकोडच्या तक्त्यात ऱ ची जागा मुळात द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी म्हणून दिली आहे, आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र त्याच्याच पोटात बसवलाय. इंग्रजीत नावं ठेवणाऱ्याला हे आयुष्यात कळणार नाही, म्हणूनच कुठल्याही इंग्रजी रिव्ह्यूत हे नाही.

उपाय आहे. कॉन्व्हएमव्ही नावाचं छोटं टूल सर्व्हरवर टाकायचं, यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) मधून यूटीएफ-८ मध्येच, एनएफसी (तुकडे जोडणारा) आणि रिकर्सिव्ह (आतल्या फोल्डरांसकट) असे पर्याय द्यायचे. पहिल्यांदा ते फक्त काय बदलेल ते दाखवतं, नो-टेस्ट लिहिल्याशिवाय काही करत नाही, हे मला फार आवडलं. जिथे आधीच दोन जुळे फोल्डर झालेत तिथे ते पुढे जात नाही, ते हाताने एकत्र करावे लागतात. पुन्हा मॅकवरून आर-सिंक करायचं असेल तर आय-कॉन्व्हवाला (नावं जाताना बदलून देणारा) पर्याय द्या, पण बऱ्याच मॅकवर येणाऱ्या आर-सिंक २.६.९ मध्ये तो नाहीच, नवं आर-सिंक वेगळं टाकावं लागतं. किंवा सरळ फाइंडरमधून शेअरवर ओढा, मग नाव जोडूनच जातं.

त्यामुळे स्टार देताना पंचाईत आहे. मिनी पीसीला पाच, वीज किरकोळ खातो आणि आवाज नाही. ओपनमीडियाव्हॉल्टला चार, कारण दर बदलानंतर वरती पिवळी पट्टी येते आणि 'अप्लाय' दाबायचं राहिलं की बदल लागतच नाही, हे बायकोला अजून पटलेलं नाही. राउटरच्या यूएसबी शेअरिंगला शून्य.

एक दुखणं अजून शिल्लक आहे. काही कीबोर्ड अर्धा ऱ वेगळ्याच पद्धतीने टाकतात, साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो-विड्थ जॉइनर, अक्षरं जोडायची खूण). दिसायला तंतोतंत तसाच, पण युनिकोड त्याला समान मानत नाही, त्यामुळे कॉन्व्हएमव्ही त्याला हातच लावत नाही, आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या फायलींत असली नावं भरपूर. भाच्याने हौसेने स्क्रिप्ट लिहिली, ती झेडडब्ल्यूजे सरसकट उडवते, आणि मग वर्‍हाडचं 'वर्हाड' होतं, ह च्या डोक्यावर रफार. झेडडब्ल्यूजे नुसता उडवायचा नाही, तिन्ही मिळून 'ऱ्' करायचा, अशी नीट चालणारी स्क्रिप्ट कोणाकडे असेल तर खाली टाका, तोवर ती नावं बायको हाताने बदलतेय आणि मला ऐकवतेय.