सोनेरी अभ्रक पावडर: आठ महिने वापरून झाल्यावर

भाचीच्या लग्नाला अक्षतांची दीडशे पाकिटं मी घरी केली. मरून कागद, त्यावर कोयरीचा ठसा, ठशावर ही सोनेरी पावडर. मंगलाष्टकं संपेपर्यंत निम्म्या वऱ्हाडाच्या बोटांना सोनं लागलं होतं आणि भावजींच्या काळ्या कोटाच्या बाहीवर चार बोटं स्पष्ट उमटली होती. चार रात्री जागून केलेलं काम होतं. फार लागलं मनाला.

विक्रेत्याला फोन केला. "पावडर एक नंबर आहे मॅडम, पक्की करायचं तुमचं तुम्ही बघायचं." मग डबीवर तसं छापा ना! एका ओळीचा प्रश्न होता. त्या रागात एकच स्टार देणार होते.

आता साडेतीन देतेय. अभ्रकाच्या चपट्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, चमक त्याचीच. पण त्यात चिकटणारं काहीच नसतं. ठसा मारायच्या वॉटरमार्क इंकपॅडच्या (बिनरंगाची, सावकाश वाळणारी शाई) ओलाव्यावर ती नुसती बसून राहते. उठावदार ठशांसाठीची एम्बॉसिंग पावडर हीट गननं, म्हणजे गरम हवेच्या यंत्रानं, वितळून कागदाला धरते, तशी ही वितळतही नाही. काही कंपन्या डिंक आधीच घालून विकतात, माझ्या डबीत नव्हता.

मग लाडवांसाठी आणलेला बाभळीचा डिंक मिक्सरला कोरडाच फिरवला, मलमलीतून चाळला आणि चार चमचे पावडरीला एक चमचा मिसळला. ठसा मारायचा, मऊ ब्रशनं पावडर लावायची, जास्तीची झटकायची आणि वरून पाण्याचा अगदी बारीक फवारा. फवारा थेट कागदावर नको, हवेत वर मारायचा, तुषार आपोआप खाली बसू द्यायचे. एकदा पाणी जास्त झालं तर कोयरीचं टोक पसरलं. नंतर डोहाळजेवणाची 40 कार्डं केली. वाळल्यावर पांढरा रुमाल घासून पाहिला, जेमतेम एक पुसट रेघ आली.

पावसाळ्यात कार्डशीट दमट होते आणि पावडर ठशाबाहेरही धरते. आधी टाल्कम पावडरीची पुरचुंडी कागदावरून फिरवली की थांबते. पंखा बंद आणि तोंडाला मास्क हवाच, ही धूळ छातीत जायला नको. याच संचातली पांढरी डबी पांढऱ्या कागदावर जवळपास दिसतच नाही, काळ्यावर मात्र निळसर झळकते. ती मला सगळ्यात आवडली.

झाकणाबद्दल मात्र माफी नाही. आत जाळी नाही, आट्यांमध्ये पावडर अडकते आणि दर वेळी उघडताना चिमूटभर ओट्यावर सांडते. दहा ग्रॅमच्या डबीतली चिमूट! मी जुन्या कॅलेंडरचं गुळगुळीत पान खाली घेते, मधोमध घडी घालून सांडलेलं सगळं परत भरते (डिंक मिसळलेली वेगळ्या डबीत), म्हणून तर दोनशेच्या वर ठसे होऊनही अर्धी डबी शिल्लक आहे. शेवटी सगळी पावडर सासूबाईंच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात काढली. त्याचं झाकण कसं घट्ट बसतं, कण उडत नाही.

आणखी एक. हे अभ्रक कुठल्या खाणीचं, डबीवर पत्ता नाही. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागात लहान मुलं अभ्रक वेचतात हे वाचल्यापासून डबी हातात घेतली की ते आठवतं. पुढची डबी कृत्रिम अभ्रकाचीच घेणार आहे, महाग पडली तरी.