ट्यूबलेस पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा हवेचा पंप, आठ महिने वापरून

आमच्या वाघोलीत सोसायटीला लागून दोन टॉवरचं काम चालू आहे, त्यामुळे रस्त्यावर खिळे, स्क्रू, तारेचे तुकडे म्हणाल ते मिळतं. गेल्या पावसाळ्यात तीनदा पंक्चर झालं आणि तिसऱ्या वेळी मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात एका खिळ्याची चार पंक्चर 'निघाली', १५० प्रमाणे ६०० गेले. त्याच रात्री हे दोन्ही मागवलं. किट ३५० ला, पंप १६०० ला.

किटमध्ये दोन टोचे येतात, एक कानशीसारखा खरबरीत, दुसरा नाकं असलेला सुईसारखा, शिवाय पाच स्ट्रिप, म्हणजे भोकात कोंबायच्या चिकट रबरी पट्ट्या, आणि सोल्युशनची ट्यूब. ट्यूब एकदा उघडली की संपली, दुसऱ्या वेळेपर्यंत सुकून दगड. सायकलच्या दुकानातून वेगळी आणली. आणि मुठी प्लास्टिकच्या आहेत, तुम्ही घ्याल तर लोखंडी मुठीचंच घ्या, कारण जोर भयंकर लागतो.

पहिलं पंक्चर मागच्या डाव्या चाकाचं. चाक काढलंच नाही, गाडी हातभर पुढे घेतली की खिळा बरोबर समोर आला. खिळा उपटताना तो सरळ गेलाय की तिरका ते नीट बघायचं, टोचा पण त्याच दिशेनं घालायचा असतो, टायरच्या आत स्टीलच्या तारा असतात त्यामुळे वेडावाकडा जातच नाही. मग स्ट्रिप नाक्यात अर्धी ओवायची, सोल्युशन फासायचं, आत दाबायची आणि पेरभर टोकं बाहेर राहिली की सुई एका झटक्यात ओढायची. मी घाबरत हळूच ओढली तर स्ट्रिपही सुईबरोबर बाहेर, एक वाया. दुसरी बसली. वरून साबणाचं पाणी टाकलं, बुडबुडा नाही. पाऊण तास लागला, आता पंधरा मिनिटांत होतं.

पण खरं सांगू का, पैसे वसूल केले ते पंपानं. खिळा तसाच ठेवून हवा भरली तरी बऱ्याचदा दुकानापर्यंत जाता येतं. २० वरून ३३ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) पाचेक मिनिटं लागतात, आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. गाडी चालू ठेवूनच लावायचा, आणि दहा मिनिटांच्या वर सलग नाही, हात लावला तर चटका बसतो. काटा दोन पीएसआय जास्त दाखवतो, पेट्रोल पंपावर ताडून बघितलं, ते लक्षात ठेवलं की झालं. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराशी स्टिकरवर असतं, सकाळी टायर गार असताना बघा. याच नादात स्टेपनी तपासली तर १४ पीएसआय! म्हणजे वर्षभर मी उगाच वजन घेऊन फिरत होतो.

टायरच्या बाजूच्या भिंतीला कट असेल तर हे किट विसरा, तिथे स्ट्रिप चालत नाही, सरळ स्टेपनी लावा. आणि लांब हायवेला जायचं असेल तर मी स्ट्रिपच्या भरवशावर राहत नाही, आतून पॅच मारून घेतो, त्या वेळी चहा नंतर.

किट ५ पैकी ३, पंप ४. खिळा उपटायला पक्कड मात्र कुठल्याच डब्यात येत नाही, घरातली डिकीत टाकून ठेवा.