मायक्रोटिक हेक्स, दहा महिने वापरून: नियम बरोबर होता, पॅकेटच तिथून जात नव्हतं

अमळनेरला आमची तीस खुर्च्यांची अभ्यासिका आहे. गेल्या जुलैत नेटवाल्याने दिलेला डबा बाजूला ठेवून मायक्रोटिकचा हेक्स हा राऊटर बसवला. पाच पोर्ट, वाय-फाय नाही. तिसऱ्या पोर्टला ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा), चौथ्यावरून टेबलांच्या सॉकेटांना वायर. मे महिन्यात पत्र्याखालीही तो हँग झाला नाही. खान्देशात एवढं पुरे.

फायरवॉल, म्हणजे कोणतं पॅकेट (डेटाचा तुकडा) जाऊ द्यायचं आणि कोणतं अडवायचं हे ठरवणारी नियमांची यादी, मात्र डोकं खातो. नियम वरून खाली वाचले जातात आणि ड्रॉप (टाकून दे) किंवा ॲक्सेप्ट (जाऊ दे) लागला की गाडी तिथेच थांबते. इनपुट म्हणजे खुद्द राऊटरकडे आलेलं, फॉरवर्ड म्हणजे त्याच्यातून पलीकडे जाणारं. पहिल्याच आठवड्यात इनपुटमध्ये सगळ्यात वर ड्रॉप टाकून मी स्वतःलाच बाहेर काढलं. आधी सेफ मोड दाबला असता, तर जोडणी तुटल्यावर बदल आपोआप मागे फिरला असता. आता हात आधी तिकडेच जातो.

खरी फजिती जानेवारीत झाली. "दादा, नेट काबर बंद शे?" एक पोरगा विचारत आला, मागून आणखी पाच. फोन पाहिले तर आयपी पत्ते 192.168.0 चे, आमची रेंज 192.168.88 ची. कुणीतरी घरचा राऊटर टेबलाच्या सॉकेटात खोचला होता आणि तो सगळ्यांना पत्ते वाटत सुटला होता. एकाच ब्रिजमधली (राऊटरने आतून एकत्र जोडलेले पोर्ट म्हणजे ब्रिज) ही वाहतूक नेहमीच्या आयपी फायरवॉलपर्यंत जातच नाही. म्हणून ब्रिज फिल्टरमध्ये लिहिलं: फॉरवर्ड, चौथ्या पोर्टवरून आलेलं, यूडीपी प्रकारचं, सोर्स पोर्ट 67 (पत्ते वाटणारा ज्या क्रमांकावरून उत्तर देतो तो), ड्रॉप.

नियमाला किती पॅकेट लागली हे दाखवणारा समोरचा आकडा शून्य. दोन संध्याकाळी त्याच ओळीकडे बघत बसलो. मग कळलं, हार्डवेअर ऑफलोड चालू असल्याने स्विच चिप पॅकेट परस्पर पोचवते, सीपीयूला पत्ताच नसतो. आणि फिल्टर बसलाय सीपीयूपाशी. चौथ्या पोर्टचा ऑफलोड बंद केला, राऊटर आणणाऱ्या पोराला तो पुन्हा खोचायला लावला, आणि आकडा हलला. सीपीयूवर थोडा भार वाढतो, पण तीस जणांत जाणवत नाही.

एक भोक उरलंच आहे. खिडकीकडची चार टेबलं एका साध्या स्विचवर आहेत. त्यांची आपापसातली देवाणघेवाण हेक्सपर्यंत येतच नाही, मग अडवणार काय? मॅनेज्ड स्विचचे (ज्यात पोर्टनिहाय नियम लावता येतात) पैसे जमेपर्यंत तिथल्या रिकाम्या सॉकेटांवर चिकटपट्टी लावली आहे.